औषध, कोयता आणि करवंद



या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी तुम्ही माझी निवड केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आभार एवढ्यावरच आवरतो. सभागृहाच्या मागच्या रांगांत बसलेल्या निम्म्या तंत्रज्ञांचे फोन सुरू आहेत, आणि एप्रिलच्या दुपारी कोकणात वारा सुटला की ते कशासाठी वाजतात हे मला ठाऊक आहे. कुठेतरी तारेवर फांदी टेकलेली असते.

अशा प्रसंगी अध्यक्षानं स्मार्ट मीटर, सौरऊर्जा, बॅटरी यांवर बोलावं असा संकेत आहे. मी गवतावर आणि झुडपांवर बोलणार आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझी झोप मीटरनं फारशी मोडली नाही. फांद्यांनी मात्र पुष्कळ मोडली.

फांदीचा विषय क्षुल्लक वाटत असेल, तर १४ ऑगस्ट २००३ ची दुपार आठवा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ३४५ केव्हीच्या तीन लाईन तासाभराच्या आत एकामागून एक झाडांना लागून बंद पडल्या. पहिली लाईन पडली तेव्हा तिच्यावर क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भार होता. यंत्रणा दमली नव्हती. झाडं वेळेवर छाटली गेली नव्हती. नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणालीही त्याच दुपारी बंद पडलेली. संध्याकाळपर्यंत न्यूयॉर्कपासून कॅनडातल्या टोरंटोपर्यंत सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. सहा आठवड्यांनी, २८ सप्टेंबरच्या पहाटे, स्वित्झर्लंडमधल्या एका लाईनवर झाडामुळे फॉल्ट झाला आणि सार्डिनिया सोडून जवळपास सगळा इटली देश काळोखात बुडाला.

आपल्याकडे याला आकडेवारीची गरज नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि त्यांच्या खाली आपले खांब. पुढचे कित्येक आठवडे आपली माणसं करवत आणि कोयता घेऊन आधी लाकूडतोडे झाली, मग वायरमन. तेव्हा तारेजवळची झाडी आवरायला हवी, याबद्दल या सभागृहात दुमत नाही. भारानं आणि उन्हानं तार तापते, तापली की लांबते, लांबली की झोळ वाढतो. हिवाळ्यात सुरक्षित दिसणारी फांदी मे महिन्यात तारेला भिडते. प्रश्न आवरायचं कशानं आणि कुणाला विचारून, हा आहे.

कशानं, याची तीन उत्तरं आपल्याकडे आहेत: कोयता, यंत्र आणि औषध. तिसऱ्या उत्तरापाशी मला जरा थांबायचं आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी कोकणातल्या एका उपविभागात होतो. उपकेंद्रातून बाहेर पडणारी एक लाईन एका उतारावरून खाली जायची. उताराच्या पायथ्याशी विहीर, विहिरीपलीकडे घर. माणसं कमी, पावसाळा जवळ, म्हणून ठेकेदाराच्या पोरांना पाठीवरचे पंप देऊन तणनाशक मारायला पाठवलं होतं. मी जीपमधून उतरलो तेव्हा त्या घरातल्या आजी उतारावर उभ्या होत्या.

“काय मारताय?”

“औषध मारतोय, आजी.”

“कुणाला काय झालंय?”

मी म्हणालो, “गवताचं औषध आहे.”

“मग गवताला काय झालंय?”

पोरं हसली. मीही हसलो. मग आजींनी औषधाचं नाव विचारलं. कॅनवरचं लेबल भिजून निघालेलं होतं. ठेकेदाराला नाव माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. आजी तिथेच पंपाच्या समोर बसल्या आणि काम थांबलं. मी कार्यालयात येऊन शेरा लिहिला, “ग्रामस्थांच्या अडथळ्यामुळे काम अपूर्ण.” तो शेरा मला आजही टोचतो. गाई तिथे चरत होत्या, पावसाचं पहिलं पाणी तिथूनच विहिरीकडे जाणार होतं, आणि काय टाकतोय याचं नाव सांगता न येणारा माणूस सरकारी जीपमधून आला होता. त्यात अडथळा नेमका कोण होता?

मराठीत आपण विषाला औषध म्हणतो. शेतकरी म्हणतो, दुकानदार म्हणतो, आपणही म्हणतो. शब्द सौम्य आहे म्हणून हातमोजे घालावेसे वाटत नाहीत, वाऱ्याची दिशा पाहावीशी वाटत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं दगावली. ती कीटकनाशकं होती, आपण वापरतो ती तणनाशकं; रसायन वेगळं, विषाची जात वेगळी, हे मी अभियंता म्हणून मान्य करतो. पण ज्यानं वर्तमानपत्रात त्या बातम्या वाचल्या, त्याला पाठीवर पंप घेतलेला माणूस दोन्हीकडे सारखाच दिसतो. ग्लायफोसेटबद्दल तर तज्ज्ञांतही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं; अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला ते पटलेलं नाही. आपल्या केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच करावी असा निर्बंध घातला. ठेकेदाराच्या पोरांना पंप देण्याचे आपले दिवस तिथेच संपायला हवेत.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर टाळ्या मिळतील आणि लाईन पडेल. नुसता कोयता निर्दोष नाही. साग तोडून पाहा. पुढच्या पावसाळ्यात एका बुंध्यातून पाच-सहा धुमारे येतात आणि मुरलेल्या मुळांच्या जोरावर सरसर वर जातात. ऐन, सुबाभूळ, निलगिरी यांची तीच गत. दर वर्षी तोडत राहिलो तर झाडी दर वर्षी दाट होते, आणि दर वर्षी माणूस उतारावर कोयता घेऊन, सापाविंचवांत, जिवंत तारेखाली उभा राहतो. ताज्या तोडलेल्या बुंध्यावर कुंच्यानं लावलेलं थोडंसं तणनाशक हे काम एकदाच संपवतं. थेंब मोजून लावणं आणि उतारभर फवारणं यांत आजाऱ्याला गोळी देणं आणि गावाच्या टाकीत गोळ्या टाकणं एवढा फरक आहे. सरसकट फवारणी उंच झाड मारते, आणि त्यासोबत बुटकी झाडीही. आपलं नुकसान तिथेच होतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका तक्रारीच्या गोष्टीतून कळलं. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यात शिकारीसाठी राखलेल्या रानातून १९५०च्या सुमारास एक उच्चदाब लाईन गेली. तिच्याखाली तणनाशक मारायला सुरुवात होताच शिकारी चिडले. हरणं खाणार काय, ससे-पक्षी राहणार कुठे, असा त्यांचा सवाल. त्यांना गप्प बसवण्याऐवजी १९५३ मध्ये ब्रँबल आणि बर्न्स या दोन शास्त्रज्ञांनी त्याच लाईनखाली तुकडे पाडले: इथे नुसतं तोडायचं, इथे सरसकट फवारायचं, इथे निवडून एकेका झाडाला लावायचं. मग काय उगवतं, कोण राहायला येतं याच्या नोंदी ठेवल्या. ते काम सत्तर वर्षांनंतरही चालू आहे. त्यातून आलेली पद्धत साधी आहे. तारांच्या थेट खाली गवत आणि बुटकी झाडी राखायची. दोन्ही कडांना मध्यम उंचीची झुडपं वाढू द्यायची. उंच होणारं झाड तेवढं वेचून काढायचं. एकदा झुडपांची दाट जाळी जमली की तिच्या सावलीत झाडाचं रोप सहजी तग धरत नाही. काम कमी होत जातं, औषधही कमी होत जातं, आणि हरणंही राहतात.

रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ मध्ये आलं. कीटकनाशकांवरचं पुस्तक म्हणून आपण ते ओळखतो. पण रस्त्यांच्या कडेला आणि वीजमार्गांखाली होणाऱ्या सरसकट फवारणीवरही त्यात लिहिलं आहे. फ्रँक एग्लर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कामाचा आधार घेऊन त्या सांगतात की झुडपांचा समाज टिकाऊ असतो आणि झाडांना थोपवतो. आणि निवडून, एकेका झाडापुरता केलेला वापर त्यांनी मान्य केला आहे. म्हणजे ज्यांना आपण औषधाच्या कट्टर विरोधक समजतो, त्यांचा आणि पेनसिल्वेनियातल्या लाईनचा निष्कर्ष एकच निघाला.

कोकणात ती बुटकी झाडी कोणती, हे मी सांगायला नको. करवंद, तोरण, निरगुडी, अडुळसा. थोडा हिशेब करू. २२० केव्ही लाईनची जमिनीपासून किमान उंची सुमारे ७ मीटर. झाडाचा शेंडा आणि तार यांत ४.६ मीटर अंतर हवं. उरतात २.४ मीटर, तेही दोन मनोऱ्यांच्या मधोमध, जिथे झोळ सर्वांत जास्त. मनोऱ्याजवळ त्याहून पुष्कळ जागा. करवंदाची जाळी साधारण तेवढ्यातच बसते, काटे आहेत म्हणून गुरं शिरत नाहीत, आणि उन्हाळ्यात पोरांना मेवा मिळतो. तरी आपण काय करतो? मे महिन्यात ठेकेदाराला ‘कॉरिडॉर क्लिअर’ करायला सांगतो. तो आधी करवंद काढतो, कारण ते हाताशी असतं. मोकळ्या जमिनीवर रानमोडी आणि घाणेरी येते. ती फेब्रुवारीत वाळते, शेजारच्या भाजावळीची ठिणगी उडते, आणि धुराच्या लोटातून लाईन ट्रिप होते. मग आपण पुन्हा तणनाशकाची फाईल हलवतो.

आता कुणाला विचारून, हा भाग. वीज कायदा, २००३ चं कलम ६८ आपल्यापैकी बऱ्याच जणांना अर्धंच पाठ आहे. लाईनला अडथळा होणारं झाड काढण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, हे पाठ असतं. लाईनच्या आधीपासून झाड तिथे असेल, तर त्याच्या मालकाला भरपाई द्यावी, हे त्याच कलमाचं पुढचं वाक्य कुणाला आठवत नाही. कोकणात झाडं बहुतेकदा लाईनच्या आधीची असतात. आजोबांनी लावलेला फणस आपण मधोमध चिरतो, अर्धा ठेवतो, आणि म्हणतो छाटणी केली. पावसाळापूर्व देखभालीचा आपला महिना मे, आणि हापूस झाडावर लटकलेला असतो तोही मेच. बागायतदार काठी घेऊन धावला तर त्याला आपण विकासविरोधी म्हणतो. त्याच्याशी मार्गशीर्षातच बोलून, फळ उतरल्यावरची तारीख ठरवून घेतली असती, तर निम्मी भांडणं झालीच नसती.

माणसांचं ऐकल्यानं लाईन अडते, अशी आपली समजूत आहे. शेजारच्या गोव्यात मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या ४०० केव्ही लाईनला २०२० मध्ये लोकांनी विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीपुढे गेलं, आणि समितीनं २०२१ मध्ये शिफारस केली की नवं जंगल तोडण्याऐवजी आधीच असलेल्या लाईनच्या मार्गिकेचा उपयोग करावा. तो पर्याय नकाशावर आधीही होता. तो दाखवायला लोकांना आंदोलन करावं लागलं, ही आपल्या व्यवसायाला शोभणारी गोष्ट नाही.

कुणाला विचारून, हा प्रश्न फवारणीलाही लागू आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला केप कॉड हा भाग वाळूचा आहे आणि तिथलं पिण्याचं पाणी जमिनीखालूनच येतं. आपल्या जांभ्यासारखंच, वर पडलेलं खाली झिरपायला वेळ लागत नाही. तिथेही लाईनखालच्या फवारणीवरून गावं आणि वीज कंपनी यांचा वाद वर्षानुवर्षं चालला. वाद मिटला असं मी म्हणणार नाही. पण त्या राज्यात नियम आहे: कंपनीनं पाच वर्षांचा आराखडा आणि दर वर्षीचा कामाचा आराखडा जाहीर करायचा, कुठे काय वापरणार ते लिहायचं, गावांना आधी कळवायचं, विहिरींभोवती अंतर सोडायचं. निदान भांडण कागदावरच्या नावाशी होतं. लेबल नसलेल्या कॅनशी होत नाही.

म्हणून या परिषदेपुढे माझ्या मोजक्या मागण्या आहेत. प्रत्येक उपविभागानं आपल्या लाईनखालच्या झाडीचा नकाशा करावा, त्यात विहिरी, पाणवठे, मधमाश्यांच्या पेट्या आणि चराऊ जागा दाखवाव्यात, आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. ठेकेदाराला मोबदला ‘मोकळ्या केलेल्या’ मीटरवर देणं बंद करावं; राखलेल्या करवंदालाही दर असावा. सरसकट फवारणी निविदेतून काढून टाकावी. बुंध्यावर लावायचंच असेल, तर नाव, प्रमाण आणि लावणाऱ्याचा परवाना आधी गावाला सांगावा, आणि गावानं नको म्हटलं तर कोयत्याचे जादा पैसे मंजूर करावेत. आणि तंत्रज्ञाला आपण ‘जनमित्र’ ही पदवी दिली आहे, तर जनांशी बोलायला त्याला कामाच्या तासांत वेळ द्यावा. मित्र घाईत भेटत नसतो.

गेल्या वर्षी मी त्या उतारावर पुन्हा गेलो होतो. आजी केव्हाच गेल्या. त्यांनी पंप अडवला तो तुकडा पुढे कुणी फवारला नाही. प्रकरण वादग्रस्त म्हणून दर वर्षी ‘पुढील वर्षी पाहू’ असा शेरा पडत गेला. तिथे आता करवंदाची अशी जाळी आहे की माणूस आत शिरत नाही. त्या जाळीतून दोन ऐन मात्र वर निघालेत, आणि येत्या मेपर्यंत ते तारेला भिडतील. ते काढायला हवेत. आजींच्या नातसूनबाई विहिरीवर पाणी शेंदत होत्या. मी आता निवृत्त, त्यामुळे अधिकार काही नाही, तरी विचारलं, “हे दोन तोडले तर चालतील?”

त्या म्हणाल्या, “तोडा. पण करवंदं झाल्यावर या.”

उपविभागातल्या तरुण सहकाऱ्याला मी तारीख कळवली आहे. तो आज मागच्या रांगेत बसला आहे.