विधी-शिक्षणात नीती आणि न्याय यांचे स्थान

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



व्यापारी समाजात वकिलाशी कधीच संबंध आला नाही असे घर विरळाच. भागीदारीचा करारनामा, दुकानाचे भाडेपत्र, न वटलेला धनादेश, भावाभावांतील वाटणी, ट्रस्टची नोंदणी अशा नाना निमित्तांनी वकिलाचे दार ठोठवावे लागते. अलीकडे तर समाजातील मुले-मुली वाणिज्य शाखेची पदवी हाती येताच कायद्याच्या अभ्यासाकडे वळू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पालक चौकशी करतात ती प्रवेशपरीक्षेची, शुल्काची आणि पुढे होणाऱ्या अर्थप्राप्तीची. हे शिक्षण घेऊन बाहेर पडलेला तरुण न्यायाच्या कामी येईल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आजच्या विवेचनाचा विषय नेमका हाच आहे.

कायद्याच्या पद्धतशीर शिक्षणाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ साली सुरू झाले. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय १९२४ साली उभे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ साली मुंबईच्या शासकीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभागृहापुढे मांडताना त्यांनी संवैधानिक नीतीचा आग्रह धरला आणि ही नीती माणसाच्या ठायी उपजत नसते, ती प्रयत्नपूर्वक जोपासावी लागते, असे बजावले. जी गोष्ट उपजत नाही ती शिकवावी लागते, हे ओघानेच आले. विधी-शिक्षणात नीतीला स्थान का हवे, या प्रश्नाचे उत्तर एवढ्यातच सामावलेले आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६१ साली अधिवक्ता अधिनियम संमत झाला. या अधिनियमाने बार कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेवर दोन कामे सोपविली. कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा ठरविणे हे एक आणि वकिलांच्या आचरणाचे नियम घालून देणे हे दुसरे. एकाच हाती ही दोन्ही कामे दिली, यातच शिक्षण आणि आचरण यांचा संबंध मान्य केलेला दिसतो. १९८७ साली बंगळुरू येथे राष्ट्रीय विधी विद्यालय स्थापन झाले. त्याचे संस्थापक संचालक प्रा. एन. आर. माधव मेनन यांनी विद्यार्थ्याला वर्गाबाहेर, प्रत्यक्ष गरजू पक्षकारापर्यंत नेण्याचा आग्रह धरला. बार कौन्सिलच्या २००८ सालच्या विधी-शिक्षण नियमांनुसार व्यावसायिक नीती हा विषय सक्तीचा आहे. वकिलीसाठी द्याव्या लागणाऱ्या अखिल भारतीय परीक्षेतही, जी २०११ पासून घेतली जाते, या विषयावर प्रश्न असतात.

कागदावर पाहता उणीव काहीच नाही. उणीव आहे ती व्यवहारात. नीती हा विषय अनेक ठिकाणी परीक्षेपुरता उरतो. चार दिवस मार्गदर्शिका वाचावी, उत्तरे लिहावीत आणि गुण पदरात पाडून घ्यावेत. कापडाच्या धंद्यात कच्चा रंग आणि पक्का रंग यांतील भेद सर्वांस ठाऊक असतो. दुकानात ठेवलेले दोन्ही तागे सारखेच झळकतात, पहिल्या धुण्यालाच खरे काय ते कळते. परीक्षेपुरती शिकलेली नीती ही कच्च्या रंगासारखी असते. पहिला मोठा मोह समोर आला की ती उतरते.

केवळ कलमे पाठ करण्याचे शिक्षण किती अपुरे आहे, याचा दाखला नुकताच मिळाला. १ जुलै २०२४ पासून १८६० सालची भारतीय दंड संहिता, १८७२ सालचा पुरावा अधिनियम आणि १९७३ सालची फौजदारी प्रक्रिया संहिता यांची जागा तीन नव्या कायद्यांनी घेतली. पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असलेले कलमांचे आकडे एका दिवसात बदलले. ज्याची विद्या आकड्यांपुरती होती त्याची विद्या त्या दिवशी जुनी झाली. परंतु न्यायालयाची दिशाभूल करू नये, पक्षकाराचा विश्वासघात करू नये, दुसऱ्याची बाजू ऐकल्यावाचून निवाडा करू नये, यांतील एक अक्षरही बदलले नाही. शेवटचे तत्त्व तर अनेकान्ताच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मग ही नीती शिकवावी कशी? उपदेशाने ती फारशी उतरत नाही, प्रत्यक्ष प्रसंगांनी उतरते. महात्मा गांधींच्या वकिलीतील तीन प्रसंग या दृष्टीने प्रत्येक विधी विद्यार्थ्याने आणि तितकेच प्रत्येक व्यापाऱ्यानेही अभ्यासावेत असे आहेत. त्यांची नोंद गांधीजींनी आपल्या आत्मकथेत केली आहे.

पहिला प्रसंग दादा अब्दुल्ला यांच्या दाव्याचा. १८९३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले ते याच कामासाठी. दावा ४०,००० पौंडांचा आणि सारा गुंता हिशेबांचा. बॅरिस्टर झालेल्या या तरुणाला जमाखर्चाचे ज्ञान नव्हते. त्यांनी पुस्तक आणून ते शिकून घेतले आणि वह्या तपासल्या. आपल्या अशिलाची बाजू बळकट आहे हे पाहूनही त्यांनी खटला लांबविला नाही, कारण वकिलांच्या खर्चात दोन्ही पक्ष बुडाले असते. त्यांनी प्रकरण लवादाकडे नेले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला, पण प्रतिपक्षाच्या तय्यब शेठना एकरकमी ३७,००० पौंड आणि खर्च देणे अशक्य होते. त्यांचे दिवाळे निघाले असते. गांधीजींनी आपल्याच अशिलाचे मन वळवून दीर्घ मुदतीचे हप्ते मान्य करविले. येथे अभ्यास आणि नीती वेगळ्या दिसत नाहीत. वह्यांचा कसून अभ्यास केला नसता तर तडजोडीचे धैर्यही आले नसते.

दुसरा प्रसंग अधिक कठीण आहे. एका दाव्यात लवादाचा निकाल गांधीजींच्या अशिलाच्या बाजूने लागला होता. परंतु हिशेबात लवादाच्या हातून एक चूक झाली होती. जी रक्कम नावे पडायची ती जमेला धरली गेली होती. प्रतिपक्षाच्या ती ध्यानातही आली नव्हती. ज्येष्ठ वकिलाचे मत असे की, आपल्या अशिलाला बाधक ठरणारी चूक आपण होऊन सांगण्याचे कारण नाही. गांधीजींचे म्हणणे असे की, ती सांगितलीच पाहिजे. अशिलाने त्यांच्यावर विश्वास टाकला. न्यायालयात चूक उघड करताच न्यायाधीशांना प्रथम त्यात काही लबाडी असावी अशी शंका आली. खुलासा झाल्यावर मात्र त्यांची खात्री पटली आणि तेवढी चूक दुरुस्त करून निकाल कायम झाला. जमा-नावे यांचा अर्थ जाणणाऱ्या या सभेला त्या क्षणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

तिसरा प्रसंग पारशी रुस्तुमजी यांचा. ते गांधीजींचे स्नेही आणि मोठे व्यापारी. मुंबई-कलकत्त्याहून आणलेल्या मालावरील जकात चुकविल्याचे उघडकीस आले तेव्हा ते गांधीजींकडे धावले. गांधीजींनी पळवाट शोधली नाही. सारे कबूल करा, दंड भरा आणि प्रसंगी तुरुंगात जाण्याचीही तयारी ठेवा, असा सल्ला त्यांनी दिला. कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट भरून प्रकरण मिटले. रुस्तुमजींनी ही सारी हकिकत लिहून, तिला चौकट करवून, पुढील पिढीला आणि इतर व्यापाऱ्यांना स्मरण राहावे म्हणून आपल्या कचेरीत लावली.

कोणी म्हणेल, गांधीजी महात्मा होते, सामान्य वकिलाकडून ही अपेक्षा कशी करावी? तर बार कौन्सिलचे आचारनियम सामान्य वकिलासाठीच आहेत. वकिलाने पक्षकाराचे केवळ मुखपत्र होऊ नये, आपली विवेकबुद्धी वापरावी. गैरमार्गाचा हट्ट धरणाऱ्या पक्षकाराचे काम नाकारावे. दाव्याच्या यशापयशावर अवलंबून राहील अशी फी ठरवू नये. पक्षकाराने सोपविलेल्या पैशांचा हिशेब ठेवावा. हे सर्व त्यांत आहे. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. त्याआधी १९७५ साली मुंबईतील एक प्रकरण त्या न्यायालयापुढे गेले होते. काही वकील फौजदारी न्यायालयाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या पक्षकारांवर तुटून पडत, कागद हिसकावीत, एकमेकांपेक्षा कमी फी सांगत. न्यायालयाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. वकिली हा उदात्त व्यवसाय आहे, बाजारातील ओढाताण नव्हे, हा त्या निर्णयाचा आशय.

येथे एक शंका नेहमी घेतली जाते. गुन्हेगाराचा बचाव करणे हीच मुळात अनीती नव्हे काय? याचे उत्तर काळजीपूर्वक द्यावयास हवे. आरोपी दोषी आहे की नाही हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे, वकिलाचे किंवा जमावाचे नव्हे. पुराव्याची कसोटी लावल्याशिवाय शिक्षा होऊ लागली तर उद्या निरपराध माणूसही सुरक्षित राहणार नाही. म्हणूनच एखाद्या आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे वकील संघटनांनी केलेले ठराव संविधान आणि व्यावसायिक नीती या दोहोंच्या विरुद्ध आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. बचाव करणे ही नीतीच आहे. खोटा साक्षीदार उभा करणे, कागदावर मागील तारीख घालणे, केवळ समोरच्याला थकविण्यासाठी तारखांवर तारखा घेणे ही अनीती आहे. हा भेद ज्याला विद्यार्थिदशेत उमगला नाही, तो पुढे एकतर भित्रा होतो किंवा निगरगट्ट होतो.

आता न्यायाकडे वळू. नीती ही वकिलाच्या वागणुकीची बाब झाली, न्याय ही समाजाला मिळणाऱ्या फळाची. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख बंदी होते. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा दोष अद्याप सिद्ध झालेला नव्हता असे. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील हकिकत सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा असे आढळले की, आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती त्याहून अधिक काळ काही माणसे नुसत्या प्रतीक्षेत कोंडली गेली होती. वृत्तपत्रातील लेखन वाचून ॲड. कपिला हिंगोरानी यांनी ती याचिका दाखल केली. वृत्तपत्र अनेकांनी वाचले असेल. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या एका व्यक्तीने ते वाचून आपले कर्तव्य ओळखले.

मोफत कायदेविषयक साहाय्याची तरतूद संविधानात १९७६ साली अनुच्छेद ३९-क द्वारे आली. त्यासाठीचा अधिनियम १९८७ चा असून तो १९९५ पासून अमलात आहे. त्यानुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळू शकतो. महिलेला तर उत्पन्नाची अटही नाही. ही माहिती किती घरांत पोहोचली आहे? ती पोहोचविण्याचे काम विधी महाविद्यालयांच्या साहाय्य केंद्रांचे आहे. परंतु वर्षातून एकदा शिबिर भरविले, फलक लावला, छायाचित्रे काढली, एवढ्याने ते साधत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एका गरजू व्यक्तीचे प्रकरण अर्जापासून निकालापर्यंत अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली पाहिले, तिच्यासोबत न्यायालयाच्या बाकावर ताटकळत बसला, तर विलंब या शब्दाचा अर्थ त्याला कोणत्याही ग्रंथापेक्षा लवकर कळेल. त्याचबरोबर तडजोडीची कलाही त्याने शिकावी. मध्यस्थीसंबंधीचा स्वतंत्र कायदा २०२३ साली झाला आहे. भांडण जिंकून देणाऱ्या वकिलाइतकाच भांडण मिटविणारा वकील समाजाला हवा आहे.

परंतु सर्व भार महाविद्यालयांवर टाकून मोकळे होणे योग्य नाही. वकील घडविण्यात पक्षकाराचाही वाटा असतो. सरळ सल्ला देणारा वकील टाळून, काहीतरी करून काम करून देतो असे म्हणणाऱ्याच्या मागे जो व्यापारी जातो, तो त्या तरुण वकिलाला एक धडा देत असतो. महाविद्यालयातील पाच वर्षांचे शिक्षण असा एक धडा पुसून टाकू शकतो. उलट, दावा कमकुवत आहे हे स्पष्ट सांगणाऱ्या वकिलाला त्याची फी आनंदाने देणारा पक्षकार नीतीचे शिक्षणच देत असतो. बाजारात जो भाव मिळतो तोच माल विणला जातो, हा धंद्याचा नियम येथेही लागू आहे.

सामाजिक संस्थांनाही येथे करण्यासारखे बरेच आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देताना गुणपत्रिकेबरोबर एवढे विचारावे की, वर्षभरात किती तास कायदेविषयक साहाय्यासाठी दिले. समाजातील ज्येष्ठ वकिलांनी वर्षाला दोन होतकरू विद्यार्थी आपल्या हाताखाली घ्यावेत. घराघरांतील वाटणीचे वाद न्यायालयात जाण्यापूर्वी समजुतीने मिटविण्यासाठी निवृत्त न्यायाधीश व जाणकार वकिलांचे एक मंडळ असावे, ज्याचा शब्द बंधनाने नव्हे तर विश्वासाने मानला जाईल. यांतील कशासाठीही मोठा निधी लागत नाही.

मराठी माणूस न्यायाचे नाव काढताच रामशास्त्री प्रभुणे यांचे स्मरण करतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर सत्ताधारी राघोबादादांना त्यांनी दोषी ठरविले, असे इतिहास सांगतो. त्या काळी शास्त्र जाणणारे पंडित पुष्कळ होते, पण नाव उरले ते एकाचे, कारण त्याच्या विद्येला निर्भयतेची जोड होती. आजच्या विद्यार्थ्याला विद्या सहज उपलब्ध आहे. ती कोणासाठी आणि कशी वापरावी, हे शिकविण्याची जबाबदारी महाविद्यालय, न्यायालय, कुटुंब आणि समाज या सर्वांची मिळून आहे. या सभागृहातील एखादी कन्या किंवा एखादा पुत्र उद्या काळा कोट अंगावर चढवील, तेव्हा त्याच्याकडे येणाऱ्या गरीब पक्षकाराला भय न वाटता आधार वाटावा, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात सदिच्छा.

जय जिनेंद्र!