अपील दाखल झाले, म्हणजे हुकूम थांबला काय?



यवतमाळ जिल्ह्यात बाभुळगाव तालुक्यातील खडकसावंगा येथे बेंबळा नदीवर धरण बांधण्यात आले. या प्रकल्पासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांपैकी अनेक कास्तकारांना भूसंपादन अधिकाऱ्याने ठरविलेला मोबदला अपुरा वाटला. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाच्या कलम १८ चा आधार घेऊन त्यांनी आपली प्रकरणे न्यायालयात नेली. मोबदला वाढवून मिळाल्यावर विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे अपिले केली. अशी प्रकरणे एकदोन नाहीत. निकाल लागला, जमीन तर केव्हाच गेली, पण वाढीव पैसा अपिलात अडकला, ही अवस्था धरणाखालच्या गावांना नवीन नाही.

अशा वेळी कचेरीत आणि चावडीवरही एक वाक्य हमखास ऐकू येते : "वर अपील केले आहे, आता काही करता येत नाही." हे वाक्य कायद्याला धरून नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ४१, नियम ५ याविषयी अगदी स्पष्ट आहे. केवळ अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. थांबते ती अपील न्यायालयाने स्थगितीचा आदेश दिला तरच, आणि तो आदेश पुरेसे कारण दाखविल्याखेरीज मिळत नाही. देशाच्या पंतप्रधानांनादेखील यातून सुटका नव्हती. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने श्रीमती इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरविली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाकडे स्थगिती मागावीच लागली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी २४ जून रोजी ती दिली, परंतु अटींसह : सभागृहात बसता येईल, मात्र सदस्य म्हणून मत देता येणार नाही आणि सदस्याचे वेतनही घेता येणार नाही.

स्थगितीला अटी असतात, कारण स्थगितीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. खालच्या न्यायालयात जिंकलेल्या पक्षाचे फळ त्याच्या हातून तात्पुरते काढून घेतले जाते. म्हणून न्यायालय आधी तीन गोष्टी पाहते. स्थगिती न मिळाल्यास अर्जदाराचे भरीव नुकसान होईल काय, अर्ज विनाकारण उशिरा आला आहे काय, आणि अखेर हुकूमनामा कायम राहिला तर त्याच्या पूर्ततेसाठी तारण दिले आहे काय. हुकूमनामा रकमेचा असेल, तर १९७६ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली : वादाची रक्कम भरावी किंवा तारण द्यावे, एरवी स्थगिती मिळू नये.

आता प्रश्न येतो शासनाचा. शासनाकडून असे तारण मागू नये, असा आदेश २७ मध्ये नियम ८-अ आहे. या नियमाकडे बोट दाखवून रक्कम न भरण्याचा कल काही कार्यालयांत दिसतो. तथापि लवादाच्या निवाड्यासंबंधीच्या पॅम डेव्हलपमेंट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले की, रकमेच्या निवाड्याला स्थगिती देताना शासनाला वेगळी वागणूक देण्याचे कारण नाही. शिवाय महामंडळ म्हणजे शासन नव्हे, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

रक्कम भरण्यात तिजोरीचेच हित कसे आहे, हे पाहण्यासारखे आहे. १८९४ च्या अधिनियमाच्या कलम २८ अन्वये वाढीव मोबदल्यावर, जमिनीचा ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी दरसाल शेकडा ९ आणि त्यानंतर शेकडा १५ या दराने व्याज देववता येते. ते चालते रक्कम न्यायालयात भरेपर्यंत. समजा, एक लाख रुपयांची वाढ मंजूर झाली. मग एक वर्षानंतरच्या प्रत्येक वर्षाला पंधरा हजार रुपये वाढत जातात. स्थगिती वसुली थांबवते, व्याज थांबवत नाही. अपील सात वर्षे पडून राहिले आणि फेटाळले गेले, तर या सात वर्षांचेच व्याज मूळ वाढीपेक्षा जास्त होते. हा बोजा कोणत्याही अंदाजपत्रकात कोणी मंजूर केलेला नसतो.

रक्कम भरल्यावर ती न्यायालयातच पडून राहते असे नाही. पुष्कळदा न्यायालय त्यातील काही भाग हमी किंवा जामीन घेऊन कास्तकारास उचलू देते. मुलीचे लग्न, दुसरीकडे घ्यायची दोन एकर जमीन, सावकाराचे देणे या गोष्टी अपिलाच्या तारखांसाठी थांबत नाहीत. उद्या अपील मंजूर झालेच, तर उचललेली रक्कम परत घेण्यासाठी संहितेचे कलम १४४ आहे. पैशाचे असे असते. दिलेला परत घेता येतो, रोखलेला व्याजासह देता येतो.

सगळ्याच गोष्टी अशा परतफेडीच्या नसतात. याचे उदाहरणही याच जिल्ह्यातले आहे. पांढरकवडा-राळेगाव भागातील टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणून ओळखतात, तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. बेशुद्ध करून पकडणे न जमल्यास तिला ठार मारावे, हा वन विभागाचा आदेश होता. तो दिवाणी हुकूमनामा नव्हे. पण सप्टेंबर २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने त्यात हस्तक्षेप केला नाही, तेव्हा वन्यप्रेमी सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथेही ११ सप्टेंबर रोजी आदेश रोखण्यास नकार मिळाला. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ वाघीण मारली गेली. त्यानंतर कोणत्याही न्यायालयाने काहीही ठरविले असते, तरी ती परत आली नसती. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्थगिती मिळाली असती आणि त्या काळात पऱ्हाटीत काम करणारे आणखी कोणी बळी पडले असते, तर तेही परत येणारे नव्हते. दोन्हीकडचे नुकसान न भरून येणारे असते, तेव्हा स्थगितीचा अर्ज हा मूळ अपिलापेक्षाही कठीण होऊन बसतो. घर पाडण्याचा किंवा ताबा घेण्याचा आदेश असेल तर थोड्याफार फरकाने हाच पेच असतो, म्हणून तेथे न्यायालये स्थगितीचा अर्ज तातडीने ऐकतात.

महसुली प्रकरणांत मार्ग वेगळा, तत्त्व तेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५६ अन्वये आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यालाच, अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि अपील झालेले नसल्यास, अंमलबजावणी थोपवून धरता येते. अपील दाखल झाले की तो अधिकार अपील प्राधिकाऱ्याकडे जातो. दिवाणी न्यायालयातही हुकूमनामा देणारे न्यायालय अपिलाच्या मुदतीपुरती सवलत देऊ शकते. ही सोय माहीत नसल्याने पुष्कळ जण पहिल्याच आठवड्यात हताश होतात.

स्थगिती किती दिवस टिकते, याविषयी मध्यंतरी घोटाळा झाला होता. २०१८ च्या एका निर्णयामुळे सहा महिन्यांनंतर स्थगिती आपोआप संपते, असा समज पसरला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय मोडीत काढला. आता स्थगिती उठते ती तिच्यातच घातलेली मुदत संपल्याने, न्यायालयाच्या आदेशाने किंवा प्रकरण निकाली निघाल्याने.

राहता राहिला निरोपाचा प्रश्न. नागपूरला सकाळी स्थगिती मिळाली आणि त्याच दुपारी पुसदला किंवा दारव्ह्याला बेलिफ दारात उभा आहे, असे घडू शकते. मुळराज खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दरखास्त चालविणाऱ्या न्यायालयाला स्थगिती कळेपर्यंत त्याने केलेली कार्यवाही निरर्थक ठरत नाही. ही अडचण जाणून १९७६ च्या दुरुस्तीने नियम ५ ला स्पष्टीकरण जोडले. अपील न्यायालयाचा आदेश खालच्या न्यायालयात पोचण्यापूर्वी, अपील करणाऱ्याने स्वतःच्या माहितीवरून स्थगिती मिळाल्याचे प्रतिज्ञापत्र दिले, तर खालच्या न्यायालयाने त्यावर तूर्त कार्यवाही थांबवावी, अशी ती तरतूद आहे. बेलिफाला तोंडी सांगून भागत नाही, कारण थांबण्याचा अधिकार त्याला नाही. प्रतिज्ञापत्र त्याला पाठविणाऱ्या न्यायालयात, त्याच दिवशी, द्यावे लागते. आणि अपिलासाठी निकालाची नक्कल निकालाच्या दिवशीच मागावी. नक्कल मिळेपर्यंत लागणारा काळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो. मागणीच उशिरा केली तर वाया गेलेले दिवस कोणी परत देत नाही.