खिशातील रात्रपाळी



शिक्षक वर्गाबाहेर गेला म्हणजे वर्ग शांत बसतो, असे पालकांस वाटते. खरी गडबड तेव्हाच सुरू होते, हे आम्हां मास्तरांस ठाऊक! खिशातील मोबाइलचेही तसेच आहे. पडदा मिटला म्हणून यंत्र निजत नाही. एक ॲप नवे टपाल पाहते, दुसरे आपण जळगावात आहो की धुळ्यात याचा ठाव घेते. प्रत्येक वेळी यंत्राचे अंतरंग जागे होते आणि बॅटरी खर्ची पडते.

या गडबडीस शिस्त लावावयाची ती कार्यप्रणालीने. अँड्रॉइडच्या ६ व्या आवृत्तीत, २०१५ साली, ‘डोझ’ म्हणजे डुलकी ही व्यवस्था आली. फोन चार्जरपासून दूर, पडदा मिटून, बराच वेळ एका जागी पडून राहिला की किरकोळ कामे अडवून धरावयाची आणि मधूनमधून थोडी सवड देऊन ती एकदम उरकू द्यावयाची. मधल्या सुट्टीची घंटाच म्हणा ना! एकेकासाठी वारंवार जागे होण्यापेक्षा सर्वांसाठी एकदा जागे होणे स्वस्त पडते. २०१८ च्या ९ व्या आवृत्तीने ॲपांची वर्गवारीही केली. जे आपण क्वचित उघडतो, त्यास कामाची पाळीही क्वचित.

इतके असूनही मी आपली अक्कल चालविली. गतवर्षी वैशाखात बॅटरी दुपारीच संपू लागली, तेव्हा रागाच्या भरात मी एकूण एक ॲपावर निर्बंध घातला. बॅटरी दोन दिवस पुरू लागली. त्याच आठवड्यात धुळ्यास माझ्या धाकट्या बहिणीला रात्री इस्पितळात हलविले. ‘मामा, लवकर या’ हा भाच्याचा निरोप दहा वाजता निघाला. मला तो सकाळी ॲप उघडल्यावर दिसला. पारोळ्यावरून धुळे काही परदेश नव्हे. पण ती रात्र मी झोपेत घालविली. बहीण सुदैवाने बरी झाली. ‘दादा, तुझ्या फोनची प्रकृती कशी आहे?’ एवढेच तिने विचारले.

दोष फोनचा नव्हता. टवाळ मुलास द्यावयाची शिक्षा मी गुणी मुलासही दिली होती.

म्हणून सांगणे इतकेच: सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या खर्चाची यादी असते, ती आधी वाचा. खेळ आणि खरेदीची ॲपे यांस खुशाल निर्बंध घाला. घरचे निरोप आणणाऱ्या ॲपास मात्र मोकळीक ठेवा. उरलेल्यांचा निवाडा कार्यप्रणालीवर सोपवा. आपणही घरातील दिवे मालवितो, पण कोणी यावयाचे असल्यास ओसरीवरचा दिवा राहू देतो.