कामाचा पोशाख आणि स्कूटरची निवड

माणसानें कोणतें वाहन घ्यावें हें त्याच्या कपड्यांवरून ठरवावें, असें कोणी म्हटल्यास प्रथम हंसूं येईल. परंतु स्कूटर या वाहनाच्या घडणींत, चालविणाराचे कपडे स्वच्छ राहावेत हा विचार अगदीं प्रारंभापासून आहे.

दुसरें महायुद्ध संपल्यावर इटलींतील पिआज्जो या विमानें बनविणाऱ्या कारखान्याला नवा धंदा शोधणें भाग पडलें. सामान्य लोकांना परवडेल अशी दुचाकी आखण्याचें काम कोरादिनो दास्कानिओ या अभियंत्याकडे आलें. हा गृहस्थ विमानें व हेलिकॉप्टर यांच्या विद्येंत मुरलेला. मोटारसायकल मात्र त्याला मुळींच आवडत नसे. तिच्यावर टांग टाकून बसावें लागतें, साखळीचें तेल कपड्यांना लागतें, आणि चाक पंक्चर झालें म्हणजे तें बदलतांना हात काळे होतात, हे तिचे दोष त्यानें हेरले. १९४६ सालीं बाजारांत आलेल्या त्याच्या व्हेस्पामध्यें ९८ सी.सी.चें इंजिन मागील चाकापाशीं पत्र्याच्या आवरणाखालीं गेलें, साखळी नाहींशी झाली, गिअर डाव्या मुठीशीं आले, पायांपुढें रुंद ढाल आली आणि मध्यें पाय ठेवावयास मोकळी जागा राहिली.

हीच कल्पना पुढें हिंदुस्थानांत आली. पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज कारखान्यांतून १९७२ सालीं निघालेली चेतक मध्यमवर्गीय कुटुंबांत घरच्या माणसासारखी नांदली. १९८४ सालीं आलेल्या कायनेटिक होंडानें गिअर व किक या दोन्ही कटकटी दूर केल्या. बटण दाबतांच गाडी सुरू होऊं लागल्यामुळें साडी नेसणाऱ्या स्त्रीची मोठी सोय झाली. जुनी पेट्रोलची चेतक पुढें बंद पडली, आणि २०२० सालीं तेंच नांव विजेवर चालणाऱ्या गाडीला मिळालें.

आतां प्रश्न निवडीचा. पुण्याच्या धायरी भागांतील एका कुटुंबाचें उदाहरण घेऊं. घरांतील मुलगी नुकतीच वकिलीची सनद घेऊन एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखालीं काम करूं लागलेली. रोज दहाबारा किलोमीटर अंतर तोडून तिला शिवाजीनगरच्या न्यायालयांत पोंचावयाचें. अंगावर पांढरे शुभ्र कपडे, गळ्यांत पांढरा बँड, वर काळा कोट. पांढऱ्या सलवारीवर तेलाचा एक डाग पडला तरी दिवसभर सर्वांची दृष्टि तेथेंच जावयाची. पहिल्या वर्षाची कमाई ती केवढी! तेव्हां गाडीचे पैसे वडिलांच्या पुंजींतून जावयाचे होते, आणि चुकीची गाडी घेऊन ती वर्षभरांत बदलण्याची चैन त्या घराला परवडणारी नव्हती.

वडिलांचें मत मोटारसायकलकडे झुकलें. ती पेट्रोल कमी पिते आणि तिचीं मोठीं चाकें खड्ड्यांतून बरी जातात. यांत तथ्य आहे. परंतु ओढणी व सैल सलवार घालून टांग टाकणें, पुढें पायांना आडोसा नसणें आणि कोट, कागदपत्रें, डबा ठेवावयास जागा नसणें, या अडचणी पेट्रोलच्या बचतीनें भरून निघत नाहींत. मामांनीं आपली २०१४ सालची स्कूटर स्वस्तांत देऊं केली. येथें आईनें मोडता घातला. १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी, किंवा चाक जॅम होऊं न देणारी, योजना २०१९ सालापासून आवश्यक झाली आहे. त्या जुन्या गाडीला ती नव्हती. ओल्या रस्त्यावर एकच ब्रेक घाबरून दाबला तर काय होतें, हें तिनें शेजारच्या मुलाच्या बाबतींत पाहिलें होतें.

विजेच्या गाडीचा विचार झाला. ती आवाज करीत नाहीं, तिला इंजिनाचें तेल नाहीं, आणि रोजचा खर्च थोडा. परंतु ज्या इमारतींत आपल्या जागेपाशीं विजेची सोय नाहीं, तिच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारानें ही गाडी घेण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. या कुटुंबानें सोसायटीकडे चौकशी केली. परवानगी मिळण्याची चिन्हें दिसेनात. म्हणून पेट्रोलचीच स्कूटर घेण्याचें ठरलें.

दुकानांत गेल्यावर रंग व चकाकी यांवर भुलूं नये. ज्या पोशाखांत रोज जावयाचें तोच घालून जावें आणि गाडी चालवून पाहावी. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेंकतात कीं नाहीं, गाडी मधल्या स्टँडवर आपल्यानेंच घेतां येते कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. पुढील मडगार्ड आखूड असेल तर पावसांत चिखल बुटांवर उडतो. ढाल अरुंद असेल तर गुडघे भिजतात. सीटखालच्या डिकींत हेल्मेट मावतें कीं नाहीं हें प्रत्यक्ष ठेवून पाहावें. पेट्रोलच्या गाडींत ती जागा तापते, म्हणून डबा व औषधें तेथें फार वेळ ठेवूं नयेत. चाकें दहा इंची असतात तशीं बारा इंचीही असतात. खड्ड्यांच्या रस्त्याला मोठें चाक बरें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागील चाकाचें आवरण. डबलसीट बसणाराचे कपडे चाकांत अडकूं नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झांकला जावा, असा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियमच आहे. तथापि आवरण असलें तरी लोंबती ओढणी दगा देते. ती कमरेशीं घट्ट बांधावी किंवा डिकींत ठेवावी. कोर्टाच्या फाटकाशीं उतरल्यावर घेतां येते. पावसाळ्यांत फडफडणाऱ्या घोंगडीवजा रेनकोटापेक्षां विजार व अंगरखा वेगळे असलेला रेनकोट घ्यावा.

मुलीनें शेवटीं सर्वांत देखणी गाडी सोडून बुटकी, रुंद ढालीची, साध्या करड्या रंगाची स्कूटर पसंत केली. चकचकीत साजाचे जे पैसे वांचले त्यांतून आय.एस.आय. छापाचीं दोन हेल्मेटें घेतलीं, कारण १९८८ च्या कायद्यानें मागें बसणारालाही तें बंधनकारक आहे. पहिल्या दिवशीं वडील मागें बसले. अलका चौकापाशीं सिग्नलला थांबतांच ते म्हणाले, "बाळ, ओढणी कुठें आहे?"

"डिकींत, बाबा. कोटाच्या घडीवर."

वडिलांनीं आपल्या हेल्मेटाचा पट्टा चांचपून पाहिला आणि पुढें कांहीं विचारलें नाहीं. अकरा वाजण्यास दहा मिनिटें असतांना ती न्यायालयाच्या पायऱ्या चढली. पांढऱ्या कपड्यांवर एकही डाग नव्हता.