सावलीसारखा एक दिवस
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



'डॉक्टर म्हणून चार शब्द बोल' असा आदेश आहे. आरोग्यावर बोलले तर तुम्ही जेवणाच्या पंगतीत मला शुगरचे रिपोर्ट दाखवाल, म्हणून आज दुसरंच बोलते.

आपल्या बऱ्याच जणांची मुलं-मुली आता एमबीबीएस, नर्सिंग करून बाहेर पडताहेत. त्यांचे फोन येतात, "मावशी, मुलाखतीला बोलावलंय, पण एक अख्खा दिवस डॉक्टरांसोबत ओपीडीत राहा म्हणतात. तिथं करायचं काय?" याला शॅडोइंग म्हणतात. सावलीसारखं मागं राहायचं. मी पहिल्या वेळी यात नापास झाले होते.

प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर ओरडायची माझी सवय इथल्या सगळ्या शिक्षकांनी सोसली आहे. तीच घेऊन मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात गेले. नाव सांगत नाही. पहाटेची एसटी, मूल, सावली, मग वैनगंगा ओलांडून पुढं. ओपीडीत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आला. हातपाय दुखतात, डोळे पिवळसर. सोबत आई आणि लग्नाच्या वयाची बहीण. डॉक्टर आईशी धानाच्या रोवणीबद्दल बोलत बसले. मला राहवेना. "सर, सिकलसेल असेल का?" आवाज माझा तुम्हाला माहीत आहे. खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा, आणि पडद्यापलीकडं बाकावर त्यांच्याच गावची माणसं.

आईनं हातातली पिशवी छातीशी धरली. त्या पिशवीत मुलाचं सिकलसेलचं कार्ड होतं. डॉक्टरांना ते आधीपासून ठाऊक होतं, फक्त ते मोठ्यानं बोलत नव्हते. हा आजार आई आणि बाप दोघांकडून येतो. एका घरात निघाला की सगळ्या भावंडांच्या सोयरिकीवर बोट येतं. बहीण वाहक आहे की नाही, हे तपासून पाहायला पाहुणे थांबत नाहीत. दुपारी डॉक्टर एवढंच म्हणाले, "मॅडम, निदान बरोबर होतं तुमचं." नोकरी मिळाली नाही. त्या मुलीचं पुढं काय झालं ते मला कधीच कळलं नाही, आणि तेच अजून टोचतं.

म्हणून मुलांना सांगते: आधी रुग्णाला आपली ओळख द्या, "मी बसू का?" विचारा. नाही म्हणाला तर मुकाट्यानं बाहेर या. डॉक्टर आणि रुग्णाच्या मध्ये उभं राहू नका. वहीत रुग्णाचं नाव लिहू नका, मोबाईल पिशवीत ठेवा. हात लावायचा नाही. तुम्ही अजून तिथले कुणी नाही. प्रश्न दोन रुग्णांच्या मधल्या वेळात. डॉक्टरांनी मत विचारलं तर दोन वाक्यांत सांगा. माहीत नसेल तर तसं म्हणा, त्यानं कुणी नापास करत नाही.

मग तोंड शिवूनच बसायचं का? नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी मी अशीच मागं उभी होते. वॉर्डात सिस्टर इंजेक्शन भरत होत्या. आपल्याकडं मडावी, आत्राम किती, तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी दोन मडावी होते, पहिलं नावही एकच, आणि हातातली फाइल शेजारच्या खाटेवरच्याची होती. छाती धडधडत होती. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "सिस्टर, या नावाचे आज दोघं आहेत का जी?" त्यांनी फाइल पाहिली, वय पाहिलं, सिरिंज खाली ठेवली. रुग्णाला काही कळलंही नाही. संध्याकाळी त्याच सिस्टरनं मला चहा पाजला.

आणखी एक. त्या दिवशी तुमचीच परीक्षा असते असं नाही, तुम्हीही त्या जागेची परीक्षा घ्या. रात्री ड्युटीवर किती जण? रक्त लागलं तर कुठून आणता? पावसाळ्यात पर्लकोटाला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होतो, तशा वेळी रेफर कसं करता? हे साहेबांना नाही, आयाबाईंना आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला विचारा. डबा त्यांच्याबरोबर खा. रुग्णाचे नातेवाईक कुठं झोपतात तेही बघा. शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधताना आदिवासींनाच विचारलं, आणि त्यांच्या घरांसारखा दवाखाना उभा राहिला, त्यांच्या देवीच्या नावाचा, माँ दंतेश्वरी दवाखाना. हेमलकशाला 1973 पासून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया रुग्णांशी माडियातच बोलत काम केलं. भाषा येत नसेल तर लाजू नका, पण दुभाष्याकडं न बघता रुग्णाकडं बघून बोला. हे मला त्या दुसऱ्या ठिकाणी एका आयाबाईंनी शिकवलं. तिथंच मी पुढं नोकरी केली.

मागच्या रांगेत आपल्या एका मैत्रिणीची लेक बसली आहे. तिला सोमवारी असंच बोलावलंय आणि सकाळपासून तिनं काही खाल्लेलं नाही. बेटा, जेवून घे, मग भेट. मी चिंचेखाली आहे.