टाकलेली सिरिंज जाते कोठे?



मिरज ही रुग्णालयांची नगरी. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले आणि पुढे सातारा-सांगलीतूनच नव्हे, तर कर्नाटकाच्या सीमाभागातूनही रुग्णांची रीघ त्या गावी लागली. त्या काळी काचेची सिरिंज उकळून पुन्हा वापरीत. आज प्लॅस्टिकची सिरिंज, सलाईनची नळी, हातमोजे हे सारे एकदा वापरून टाकावयाचे असते. त्यामुळे संसर्गाचे भय घटले. परंतु टाकलेली वस्तू जाते कोठे, हा नवा प्रश्न उभा राहिला.

येथे पुनर्वापर आणि पुनर्चक्रण यांतील भेद ध्यानी घ्यावयास हवा. वापरलेली सिरिंज धुऊन पुन्हा टोचणे हा अपराध होय. तीच निर्जंतुक करून, तिचे तुकडे वितळवून अन्य वस्तू घडविणे हे शास्त्रसंमत कार्य होय. २००९ साली गुजरातेत मोडासा परिसरात 'हिपॅटायटिस बी'ची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा टोचल्या गेल्याचे त्या वेळी उघडकीस आले. थोडक्या पैशांच्या लोभाचे हे मोल!

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी मार्ग स्पष्ट आखून दिला आहे. सुई यंत्राने छाटून पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात टाकावी. सिरिंज व नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात आणि रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत जावा. हा कचरा प्रक्रियेविना ४८ तासांहून अधिक काळ ठेवू नये. लाल पिशवीतील प्लॅस्टिक उच्च दाबाच्या वाफेने निर्जंतुक होते, त्याचा चुरा होतो आणि मगच ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जाते. म्हणजेच प्लॅस्टिक परत यावे, सिरिंज मात्र परत येऊ नये. खाटांची संख्या कितीही असो, गल्लीतील लहान दवाखान्यालाही हे नियम लागू आहेत.

परंतु सारा भार रुग्णालयावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. घरोघरी मधुमेही इन्सुलिन टोचून घेतात. ती सुई भाजीच्या देठांसोबत घंटागाडीत जाते आणि कचरा वेचणाऱ्या भगिनीच्या बोटात रुतते. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली अशी वाहते. २००५ आणि २०१९ चे महापूर सांगलीने पाहिले. काठावर फेकलेले पुराचे पाणी दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकते.

म्हणून इंजेक्शन घेताना नवे वेष्टन आपल्यासमोर फोडावयास सांगावे आणि सुई छाटली जाते ना, हे पाहावे. विचारण्यात अविश्वास नाही. प्रामाणिक डॉक्टरांना त्याचे समाधानच वाटेल. घरच्या सुया झाकणाच्या जाड डब्यात साठवाव्यात, त्यावर 'सुया' असे ठळक लिहावे आणि तो डबा वेगळाच सोपवावा. आपले घर स्वच्छ करताना दुसऱ्याच्या हातात विष न देणे, हीही समाजसेवाच आहे.