चढणीच्या माशाला वाट द्या



स्वागत समितीच्या वतीने मी या परिषदेला आलेल्या आपणा सर्वांचे कुंभार पिंपळगावात मनापासून स्वागत करतो. जवळच समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आणि दक्षिणेला गोदामाय, अशा या मातीत आज माशांचा विचार होतो आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

मृगाचे पाणी पडून नदी गढूळली, की पोटात अंडी घेऊन मासा वरच्या अंगाला निघतो. हाच चढणीचा मासा. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. रोहूची एक मादी लाखांनी अंडी देते. नेमकी तेव्हाच ती ओढ्याच्या तोंडाशी सापडते आणि एका वेळच्या कालवणापायी पुढची सगळी वीण आपण टोपलीत भरतो.

जायकवाडीच्या खाली जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे बंधारे झाले. रान भिजले, याचा आनंद आहेच. पण अडलेल्या पाण्यात माशांची पिले, म्हणजे बोटुकली, बाहेरून आणून सोडावी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून माशांची वीण घडवली, म्हणून ही सोय झाली. आपल्या वांबीचे, शिंगाळ्याचे बीज मात्र कोणी आणून देत नाही. ते नदीतच वाचवावे लागेल.

सुरुंगाने वा विषाने मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवले. जाळ्याची आस केवढी असावी, हे ठरवण्याचा अधिकारही त्याने सरकारला दिला. तरी आजही कुठे डोहात जिलेटिन फुटते, कुठे बॅटरीचा करंट सोडला जातो. त्यात विकण्याजोगा मासा मरतो, तसे माशांची नुकती निघालेली पिले, म्हणजे जिरेही मरते.

विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवायची, तर त्या दिवसांत मासे धरून जगणाऱ्या भोयाची चूल कशी पेटायची, हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर या परिषदेने बंदीच्या नियमाआधी द्यावे, ही माझी कळकळीची विनंती.

आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे. मडके भाजल्याशिवाय कोणी आवा उकरत नाही. माशाचीही एक वीण होऊ द्या, मग जाळे टाका.